एकवीस इंची लाज

...आणि वर मलाच विचारतो, ‘सुनिवा, तुला एकोणीस बरे वाटतात की एकवीस?’ सकाळी सकाळी! माझ्या एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात ब्रेड, ब्रेडवर तपकिरी चीज, डोळे अजून अर्धे मिटलेले... मला वाटलं बटाट्यांचं विचारतोय. म्हटलं, ‘जेवायला माणसं किती आहेत?’ तर माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी राजाचा अपमान केलाय. ‘इंच, सुनिवा! चाकांचे इंच!’

अहो, चाक गोल असावं, एवढीच माझी अपेक्षा! साठीला आले मी. आजवर एवढ्या गाड्यांत बसले, एवढ्या सायकली चालवल्या, एकदाही कुठल्या चाकानं मला फसवलं नाही. सगळी गोलच निघाली!

तुम्हाला सांगते, गाडी ठरवायला आम्हाला वेळ लागलाच नाही. नवी कोरी, विजेवर चालणारी, उंच, आत अर्धं घर मावेल अशी. रंग? राखाडी. आपल्या हामार गावात राखाडीच घेतात, लाल घेतली तर शेजारी विचारतात, घरी सगळं ठीक आहे ना? तर गाडी ठरली, रंग ठरला, आतल्या सीट ठरल्या, आणि मी मेली भोळी, कोट घालून उठले सुद्धा! तर शोरूममधली ती बाई गोड हसली आणि म्हणाली, ‘आता चाकं.’ आणि माझा नवरा हालगेर, जो स्वतःच्या लग्नाचा सूट पाच मिनिटांत घेऊन आला होता, तोही एका बाहीला लांब, तो खुर्ची पुढे ओढून बसला. मी कोट काढला. काय करणार?

बरं, आपल्याकडे गाडी घ्यायची म्हणजे चार चाकांवर भागतं का? आठ! चार उन्हाळ्याची, चार हिवाळ्याची. आणि जी चार गाडीला नसतात ती कुठे जातात? हॉटेलात! टायर-हॉटेलात, कोरड्या खोलीत, छान फळीवर आडवी पडून, ऊन नाही, वारा नाही, सहा सहा महिने. आणि मी? लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एक रात्र, तीही न्याहारी सोडून. जाऊ द्या, तो विषय वेगळा.

तर ती बाई सांगायला लागली. ‘एकोणीस म्हणजे आराम. वीस म्हणजे समतोल. आणि एकवीस म्हणजे...’ आणि पुढे काही बोललीच नाही हो, नुसते डोळे मिटले आणि उसासा सोडला! आणि आमच्या माणसानंही सोडला! मी दोघांकडे आळीपाळीनं बघतेय. म्हटलं, एकवीस म्हणजे काय ते तोंडानं सांगाल का? तर म्हणे, ‘दिसतात सुंदर.’ बरं, आणि? ‘आणि गाडी एका चार्जमध्ये जरा कमी पळते.’ बरं, आणि? ‘आणि खड्डे जरा जास्त कळतात.’ आणि? ‘आणि टायर रुंद, म्हणून बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या आत बसत नाहीत.’ म्हणजे जास्त पैसे मोजून कमी पळायचं, जास्त आदळायचं आणि बर्फात अडकायचं! आणि याला उसासे!

त्यातून ते टायरवर लिहिलेलं वाचलंय का कधी तुम्ही? मी वाचलं. आधी रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. मग उंची, ती टक्क्यांत. मग आतलं लोखंड, ते इंचांत! एका ओळीत तीन तऱ्हा! उद्या माझी मापं अशी घेतली शिंप्यानं तर मी शिंपी बदलेन. आणि गंमत ऐका, एकोणीसचं घ्या नाहीतर एकवीसचं, चाक बाहेरून तेवढंच! खरंच! उंची तीच! आतली थाळी तेवढी मोठी होते आणि भोवतीचं रबर पातळ होतं. ब्रेडला लोणी चोपडावं तेवढं रबर! म्हणजे ही सगळी पुरुषमंडळी स्पर्धा कसली करतायत, तर कमी रबर कोणाकडे!

आता तुम्ही म्हणाल, सुनिवा, तुला काय पडलंय, बस की मागे गुपचूप विणत. पडलंय! बाबांसाठी पडलंय. माझे बाबा, आमुंड मास्तर, वय शहाऐंशी, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. अजून घरात आले की मी आपोआप ताठ बसते. गेल्या शरदात त्यांचं खुबा बदलण्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालू द्या हळूहळू, बसू द्या, पण हादरे नकोत. आणि बाबांचं एकच मागणं. रिंगेबू गावाच्या वर, पठारावर, आमचं लाकडी घर आहे. बाबांनी स्वतः बांधलंय, आई असताना. ईस्टरला त्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, तोंडावर ऊन घ्यायचं, एक संत्रं सोलायचं, वर कॉफी. बस. आई गेली त्या वर्षीसुद्धा त्यांनी ईस्टर चुकवला नव्हता. दोन संत्री सोलली होती त्या वर्षी, एक तसंच बाजूला ठेवलं. 

तर मी त्या बाईला म्हटलं, हिवाळ्याच्या चाकांना एकोणीस. लहान थाळी, जाड रबर, साखळ्या बसणार, बाबा हादरणार नाहीत. मग हालगेरकडे वळले, उन्हाळ्याची तुला हवी तेवढी घे, छप्पन्न घे! आणि हालगेर म्हणाला, ‘बरोबर आहे. हिवाळ्यात एकोणीसच. शहाण्या माणसानं एकोणीसच घ्यावीत.’ आम्ही घरी आलो. मी सुखानं झोपले. अहो, चाक गोल असावं, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि वर ते मऊसुद्धा मिळणार होतं!

आणि मग इंगवारची गाडी आली.

इंगवार आमचा शेजारी. मधे एक कुंपण, पंधरा वर्षांचा शेजार, आणि आमचं सगळं संभाषण बर्फाविषयी. ‘पडला.’ ‘हो, पडला.’ ‘अजून पडेल.’ ‘पडेल बहुतेक.’ झालं, महिनाभराचं पुरलं! त्याची बायको बोरघिल आणि मी, आम्ही लांबून हात करतो. सुखाचा शेजार. तर एके सकाळी त्याच्या दारात गाडी. तीच! तीच बनावट, तोच राखाडी रंग, आणि आमची यायला अजून वेळ!

आमचा हालगेर स्वयंपाकघराच्या खिडकीत. पडद्याआड. हातात दुर्बीण, पक्षी बघायची! मला वाटलं, दाणे टिपायला कोणी आलंय. म्हटलं, चिमणी आहे का रे? तर हा दबक्या आवाजात ओरडतो, ‘वीस! सुनिवा, वीस! बाजूला लिहिलंय!’ गरुड दिसला असता तरी एवढा हरखला नसता... हरखला कसला, चेहरा पडला होता बिचाऱ्याचा! मग फावडं घेतलं आणि बाहेर गेला. बर्फ काढायला. बर्फ नव्हताच हो! आदल्या दिवशीच काढून झाला होता, कोरडी फरशी खरवडत बसला होता हा, खरर्र खरर्र, कुंपणाच्या दिशेनं सरकत सरकत. तिकडून इंगवार आला, तोही फावडं घेऊन! दोघं खरवडतायत. शेवटी हालगेर त्या चाकांकडे न बघता बघत म्हणाला, ‘वाईट नाही.’

आता आपल्याकडे ‘वाईट नाही’ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. याच्या पुढे कौतुक नाही. लग्नाच्या दिवशी मला बघून हालगेर हेच म्हणाला होता, ‘वाईट नाही’, आणि मी रडले होते. आनंदानं!

त्या दिवसापासून हा माणूस जेवेना. माशाचे गोळे केले, त्याच्या आवडीचा पांढरा सॉस केला, नुसता चमच्यानं गोळे फिरवतोय ताटात. गोल गोल! म्हटलं, काय होतंय? ‘काही नाही.’ पोटात दुखतंय? ‘नाही.’ अहो, पोटातच दुखत होतं, पण ते वेगळं! आणि बोलणार कसा? आपल्याकडे शेजाऱ्याहून मोठं काही हवंय असं म्हणायची सोय आहे का? चारचौघांत चेहरा कुठे लपवायचा? म्हणून मग गृहस्थ हळूच सुरू झाले, ‘सुनिवा, एकवीसची पकड म्हणे चांगली असते. सुरक्षिततेच्या दृष्टीनं.’ मी म्हटलं, हालगेर, बाबा. ‘हो हो, बाबा तर आहेतच. मी आपलं नुसतं बोललो.’

तुम्हाला सांगते, नवऱ्यानं ‘मी आपलं नुसतं बोललो’ म्हटलं की समजावं, काम करून बसलाय!

गाडी आली. मी ओसरीत. पायऱ्या उतरले, चाकांकडे बघितलं. चकाकत होती हो मेली, पाच पाकळ्यांची फुलं असावीत तशी, आणि भोवती रबर म्हणायला एक काळी रेघ! म्हटलं, ‘हालगेर. ही एकोणीस आहेत?’ तर म्हणतो, ‘जरा मोठी दिसतात का? उजेडामुळे असेल.’

उजेडामुळे! फेब्रुवारीत! हामारमध्ये! उजेड!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन केला त्या टायर-हॉटेलात, म्हटलं, एकोणीसची चार चाकं द्या मला, आत्ता. तर पलीकडून, ‘बाई, ईस्टरपर्यंतच्या सगळ्या तारखा भरल्यात, सगळं गाव रांगेत आहे, ईस्टरनंतर या.’ टायरांना खोली मिळते, मला तारीख मिळेना! आणि हालगेर मागून, ‘अगं, रस्त्यावरचा बर्फ काढलेलाच असतो. साखळ्या लागतात कशाला?’

पण खरी गंमत पुढे आहे. आता घेतली ना बाबा एकवीसची? मिरव की मग! तर छे! लाज वाटायला लागली! लोक काय म्हणतील, हालगेर स्वतःला कोण समजतो? गाडी उलटी लावायला लागला, चाकं कुंपणाच्या झुडपात. गाडी धुवेना! मीठ, चिखल, रस्त्यावरचा तो काळा राडा, सगळा त्या पाकळ्यांत भरलेला, आणि हा खूश! एकदा तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हा माणूस बुटानं चाकावर चिखल उडवतोय! म्हटलं, हे काय चाललंय? ‘जरा... साधं दिसायला.’ म्हणजे बघा, जास्तीचे पैसे देऊन चकाकी घ्यायची आणि मग ती फुकटच्या चिखलानं झाकायची! अहो, चाक गोल असावं, एवढीच माझी अपेक्षा, पण निदान दिसावं तरी!

आणि इंगवारला दिसायचं ते दिसलंच. कुत्र्याला फिरवत आला, कुंपणापाशी थांबला. कुत्राही थांबला. इंगवारनं झुडपातून नीट बघितलं आणि म्हणाला, ‘वाईट नाही.’ आमचा हालगेर कानापर्यंत लाल! ‘छे, ही होय? दुसरी शिल्लकच नव्हती.’ आणि घरात येऊन त्यानं माशाचे गोळे तीनदा वाढून घेतले.

तर ईस्टर आला. बुधवारी निघालो. मागे संत्र्यांची पिशवी, लोकरीचे मोजे, खुनाच्या गोष्टींची पुस्तकं. ईस्टरला डोंगरात बसून कोणीतरी कोणालातरी मारल्याचं वाचलं नाही तर आपल्याला सुट्टी अंगी लागत नाही. आणि मागच्या सीटवर बाबा, दोन उशांवर, टोपी घालून, ताठ. मी त्यांच्या शेजारी. सकाळपासून किती आनंदात होते म्हणून सांगू! दाढी केली होती. डोंगरात जायला दाढी!

आणि रस्ता? या दिवसांत आपले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. खालचं गोठलेलं सुटायला लागलं की डांबराला पोट सुटतं, मग ते पोट फुटतं. प्रत्येक फुगवटा त्या पातळ रबरातून सरळ वर! धप्! ‘बाबा, ठीक आहात ना?’ ‘ठीक.’ धप्! ‘बाबा?’ ‘ठीक.’ धप् धप्! ‘बाबा?’ ‘रस्ता जरा बोलका आहे आज.’ आता माझे बाबा ‘ठीक’ म्हणतात म्हणजे दुखतंय, आणि विनोद करतात म्हणजे फार दुखतंय. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि प्रत्येक धपला बोटं आवळली जात होती. मी आरशात हालगेरकडे अशी बघत होते की त्यानं आरसाच वळवला!

वाटेत चार्जिंगला थांबलो. जिथे एकदा थांबायचं तिथे दोनदा थांबलो, कारण एकवीस! पण त्याचं बाबांना काही नव्हतं. दोन्ही ठिकाणी बटाट्याच्या पोळीत गुंडाळलेलं सॉसेज मिळालं. दुसरं खाताना म्हणाले, ‘लिव बघत असती तर एकच खाऊ दिलं असतं.’ लिव म्हणजे माझी आई.

आणि रिंगेबूच्या वर लागलो, आणि बर्फ सुरू झाला. साधासुधा नाही, जाड, ओला, चिकट, जसा काही कोणी वरून पिशव्या उलट्या करतंय. मोठा रस्ता साफ होता, मान्य. पण आमच्या घराकडे जाणारा शेवटचा चढ? तो एक ट्रॅक्टरवाला साफ करतो, आणि तो म्हणाला, उद्या सकाळी. दर वर्षी आम्ही काय करायचो? जुन्या गाडीला साखळ्या घालायचो, खडखडत खडखडत दारापर्यंत. आता? हालगेरनं चढ घेतला, चाकं सुंदर फिरली, आणि गाडी सुंदर मागे आली. पुन्हा वर, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा मागे आलो ते कशावर तरी धडकता धडकता राहिलो. बघते तर काय? राखाडी गाडी. तीच बनावट, नाक बर्फात खुपसलेलं. इंगवार! त्याचंही घर त्याच पठारावर! पंधरा वर्षं शेजारी, माणसांपासून लांब जावं म्हणून आम्ही डोंगरात येतो, आणि डोंगरात कोण? तोच!

दोघं उतरले. एकमेकांच्या चाकांकडे बघितलं. वीस तिकडे जागच्या जागी रुतलेली, एकवीस इकडे. वीसचंही तेच, टायर रुंद, साखळी जाईल एवढी फट नाही. आणि इंगवार म्हणतो, ‘पडला.’ आणि आमचा म्हणतो, ‘हो, पडला.’

मी मागे वळून बघितलं. बाबा काचेतून वर बघत होते. तिथून आमच्या घराची चिमणी दिसते, बर्फातून, काळी, एवढीशी. फार लांब नाही हो! धडधाकट माणूस बोलता बोलता चढून जाईल. पण त्यांना चालता येणार नव्हतं, त्या ओल्या बर्फात नव्या खुब्यावर. ते बघत राहिले, मग टोपी सारखी केली आणि म्हणाले, ‘सुनिवा, आपण परत जाऊ. पुढच्या वर्षी येऊ.’

पुढच्या वर्षी! शहाऐंशी वर्षांचा माणूस, आणि मला समजूत घालायला पुढच्या वर्षीचं सांगतोय!   मी दार उघडलं, बाहेर उतरले आणि ओरडले. हो, ओरडले! डोंगरात! ईस्टरला! आपल्याकडे डोंगरात मोठ्यानं खोकत सुद्धा नाहीत! म्हटलं, ‘एकवीस काय, वीस काय, आग लावा तुमच्या इंचांना! अडाण्यांनो, त्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीला टेकून एक संत्रं खायचंय! एवढंच! आणि तुम्ही दोघांनी त्याच्या आणि संत्र्याच्या मधे चार-चार फुलं आणून ठेवलीत! अहो, चाक गोल असावं, एवढीच माझी...’ आणि तिथे माझा आवाजच चिरकला.

  मग त्या दुसऱ्या गाडीची काच खाली झाली आणि बोरघिल, जी आत विणत बसली होती, ती म्हणाली, ‘मी याला एकोणीसच सांगितली होती. म्हणाला, हालगेर नक्की वीस घेणार.’

मी हालगेरकडे बघितलं. हालगेरनं इंगवारकडे बघितलं. इंगवारनं आकाशाकडे बघितलं. म्हणजे पंधरा वर्षांत यातला एक जरी दुसऱ्याला म्हणाला असता, ‘काय रे, किती इंची घेतोयस?’ तर दोघंही एकोणीसवर सुखात असते! पण विचारणार कोण? विचारणं म्हणजे खाजगीत नाक खुपसणं!

आणि तेवढ्यात मागून बाबांचा आवाज. मुख्याध्यापकांचा. ‘हालगेर! शेडमध्ये लाकडं ओढायची घसरगाडी आहे. घेऊन ये.’

ती घसरगाडी बाबांनीच केलेली. घर बांधताना सगळ्या फळ्या त्यांनी तिच्यावरून वर नेल्या, आणि फळ्यांच्या वर मला बसवून. मी पाच वर्षांची, तोंडात संत्र्याची फोड. खाली दोन लाकडी पट्ट्या, वर फळकूट. झालं. हालगेर वर धावला... धावला म्हणजे गुडघा गुडघा बुडत गेला... आणि घेऊन आला. त्यावर रेनडिअरचं कातडं घातलं, बाबांना अलगद उचलून बसवलं, बोरघिलनं विणायला घेतलेली शालच त्यांच्या पायांवर टाकली, सुया तशाच लटकतायत. आणि हालगेर आणि इंगवार, दोघं साठीचे बाप्ये, दोरी खांद्यावर घेऊन पुढे. दोघंही बाबांचेच विद्यार्थी बरं का, एका वर्गातले!

‘इंगवार, पाय उचल. ओढत चालू नकोस, तू आठवीतही असाच चालायचास. हालगेर, पुढे बघ, मागे काय बघतोस? डावा! उजवा! डावा!’ आणि ते मुकाट्यानं डावा, उजवा, डावा, घामाघूम, नाकातून वाफा. मागे बोरघिल आणि मी, हातात संत्री. आणि बाबा? ताठ बसलेले, मांडीवर हात, बर्फ टोपीवर साठतोय. एक धप् नाही. एक हादरा नाही. नुसता सर्रर्र असा आवाज, बस. त्यांची बोटं बघत होते मी. सैल होती.

दाराशी पोचलो. दोघं जागीच बर्फात बसले. बाबांनी आधी घराकडे बघितलं, चिमणीपासून पायरीपर्यंत, मग त्या घसरगाडीकडे, मग त्या दोघांकडे. आणि म्हणाले, ‘वाईट नाही.’

मी रडले. बोरघिलही रडली, आणि तिची माझी ओळख म्हणजे लांबून हात करण्याची! आता तिची शाल मी विणून देणार आहे, तेवढं आमचं ठरलंय.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. बाबा दक्षिणेच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंड वर. एक संत्रं सोललं, एक सोलून बाजूला ठेवलं. मी त्यांच्याशेजारी, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात ब्रेड, ब्रेडवर तपकिरी चीज. म्हटलं, सुनिवा, हेच सुख, आता कोणी काही विचारू नका. ट्रॅक्टरवाला चढ साफ करून गेला होता, खाली दोन राखाडी गाड्या चिखलात शेजारी शेजारी. ईस्टरनंतर मी स्वतः जाऊन एकोणीसची चाकं घेणार, हेही हालगेरनं कबूल केलेलं. मान खाली घालून. संपलं! इंच संपले!

तेवढ्यात हालगेर शेडकडून आला. कानाला पेन्सिल, हातात मोजपट्टी. माझ्या शेजारी उकिडवा बसला, घसा खाकरला. आणि दबक्या आवाजात म्हणतो, ‘इंगवारपण घसरगाडी करतोय म्हणे. मी मघाशी त्याच्या शेडच्या फटीतून बघितलं. सुनिवा, खालच्या पट्ट्या... तुला सातच्या बऱ्या वाटतात की नऊच्या? सेंटिमीटर.’

तुम्हाला सांगते, मी कॉफीचा घोट घेतला. बाबांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.  मी म्हटलं, ‘नऊच्या घे बाबा. पण गोल असू देत.’